आंबिल ओढ्याकाठची पायी फेरी कशी वाटली

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी मी कात्रजच्या तलावापासून मुठेपर्यंत आंबिल ओढ्याच्या काठाकाठानं चालले. चार-पाच तरुण मुलं मिळून ही फेरी काढतात. माणशी ४५० रुपये, त्यात चहा-नाश्ता आणि मधल्या बसच्या टप्प्याचं तिकीट आलं. सकाळी साडेसहाला तलावाशी जमलो, संपायला साडेबारा वाजले. आम्ही सतरा जण होतो, त्यात साठी ओलांडलेल्या आम्ही तिघी. परत आल्यापासून सोसायटीतल्या बऱ्याच जणींनी विचारलं, की पैसे वसूल झाले का, गुडघे दुखणाऱ्या बाईनं जावं का, आणि त्या घाणेरड्या नाल्यात बघण्यासारखं आहे तरी काय. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

आधी माझं सांगायला हवं, नाहीतर मी काय शोधत होते ते कळणार नाही. आई-वडील मूळचे नारायण पेठेतले, नदीकडच्या वाड्यातले भाडेकरू. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्यात तो वाडा गेला. पुढे पूरग्रस्तांना सहकारनगरात जागा मिळाली आणि १९६३ साली तिथे माझा जन्म झाला. लग्न होऊन मी दांडेकर पुलाजवळ आले, बावीस वर्षं तिथल्या दोन खोल्यांत संसार केला. आता मुलाकडे, बालाजीनगरला. तीन घरं झाली आणि तिन्ही घरांच्या मागून ओढा वाहत होता. सहकारनगरात आम्ही त्याला ओढा म्हणायचो. दांडेकर पुलाशी त्याचा नाला झाला. बालाजीनगरात त्याला कोणी काहीच म्हणत नाही, तिथे तो पत्र्याच्या कुंपणामागे असतो आणि फक्त पावसाळ्यात ऐकू येतो. हे तिन्हीकडचं पाणी एकच, हे नकाशात दिसतंच. पण मला ते त्या दिवशी चालून कळलं, आणि त्यासाठी मी त्या मुलांची आभारी आहे.

सुरुवात फार सुंदर होते. थंडीत तलावावर धुकं होतं, पलीकडे कात्रजचा घाट. फेरी घेणारा मुलगा स्थापत्य अभियंता आहे. पेशव्यांची थोरवी सांगत बसला नाही, सरळ पाण्यावर आला. त्यानं पिशवीतून प्लास्टिकची एक बाटली काढली, अर्धी माती अर्धं पाणी भरलेली. जोरात हलवली आणि बांधाच्या दगडावर ठेवली. "तिच्याकडे बघू नका, मी काय सांगतो ते ऐका," म्हणाला.

मग त्यानं सांगितलं, की १७४९ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात हे काम सुरू झालं. तलाव एक नाही, दोन आहेत. ओढ्याचं पाणी आधी वरच्या तलावात थांबायचं, गाळ तिथे खाली बसायचा, आणि निवळलेलं पाणी खालच्या तलावात यायचं. तिथून दगडी बांधकामाचा बंदिस्त नळ जमिनीखालून थेट शहरात. पंप नाही, काही नाही. कात्रज उंचावर आणि पेठा खाली, त्या उतारावर पाणी आपलं आपण चालत जायचं. शनिवारवाड्याचं हजारी कारंजं याच पाण्यावर उडायचं. काळा हौद, बदामी हौद ही नावं आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो, तेही याच पाण्याचे. हौद म्हणजे तेव्हाचा सार्वजनिक नळच.

वीसेक मिनिटं झाली असतील. त्यानं बाटली अलगद उचलून आम्हाला दाखवली. खाली दोन बोटं चिखल, वर पाणी जवळजवळ स्वच्छ. कोणी काही बोललं नाही. मी आयुष्यभर घागरीत तुरटी फिरवली आहे, त्यामुळे गाळ बसणं मला नवीन नाही. पण एवढ्या मोठ्या तलावाला कोणी घागरीसारखं वापरलं असेल, हे डोक्यात कधी आलं नव्हतं. फेरीतला हा सगळ्यात चांगला अर्धा तास. फक्त एवढ्यासाठी कोणी आलं तरी पैसे फुकट जात नाहीत.

तलावावरून खाली उतरलं, की फेरीचा अवघड भाग लागतो. सलग काठ असा राहिलेलाच नाही. कुठे सोसायटीची भिंत, कुठे गोठा, कुठे राडारोडा टाकून केलेला सपाट तुकडा. त्यामुळे दोनशे पावलं ओढ्याशी, मग रस्त्यावर, पुन्हा एका गल्लीतून ओढ्याशी, असं शिवत शिवत जावं लागतं. मुलांनी हा मार्ग आधी चालून पक्का केला होता हे जाणवलं, कुठे अडलो नाही. एके ठिकाणी दोन इमारतींच्या फटीतून जाऊन त्यांनी आम्हाला कातळ दाखवला. काळ्या पाषाणात पाण्यानं केलेल्या वाट्यांसारख्या खोलगट जागा, त्यातल्या एकीत पाणी इतकं नितळ की तळाचं पान दिसत होतं. शेजारी उंबर. माझ्या मुलाच्या घरापासून ही जागा फार तर दहा मिनिटांवर असेल, आणि मला ती ठाऊक नव्हती. घरी आल्यावर नातवाला घेऊन गेले.

पुढे मात्र पाण्याचा रंग बदलतो. एका मोरीखालून पांढरा फेस येतो, आणि तिथून खाली वास सुरू होतो तो शेवटपर्यंत. ज्यांना वासाचा त्रास होतो त्यांनी रुमाल जवळ ठेवावा. मुलांनी हे लपवलं नाही, उलट सांडपाण्याची प्रत्येक मोरी बोटानं दाखवली. ते मला पटलं. ओढ्याची फेरी म्हणून फक्त देवळं आणि तलाव दाखवले असते, तर मी निम्म्यातून परत आले असते.

बालाजीनगरला एका टपरीवर पोहे आणि चहा. पोहे गरम होते, भरपूर होते. मग साताऱ्याच्या रस्त्यावरून बसनं पद्मावतीपर्यंत.

इथे एक तक्रार, आणि ती मी त्यांना तोंडावरही सांगितली. साडेसहा ते पावणेदहा बायकांसाठी स्वच्छतागृहाची कुठेही सोय नव्हती. पुरुष कुठेतरी आडोशाला जाऊन आले. आम्ही तिघी चहा टाळून बसलो. पद्मावतीला गेल्यावर एका ओळखीच्या घरी सोय झाली, तीही आमच्यातल्या एकीची बहीण तिथे राहते म्हणून. साडेचारशे रुपये घेता, तर मार्गावरच्या एखाद्या मंगल कार्यालयाशी आधी बोलून ठेवा, एवढंच म्हणणं. फेरी घेणाऱ्या मुलानं ऐकून घेतलं, कारणं दिली नाहीत. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी नाव नोंदवतानाच हे विचारावं.

पद्मावतीच्या पुढे एका सोसायटीच्या मागच्या बाजूला त्यांनी आम्हाला उच्छ्वास दाखवला. कात्रजचा नळ जमिनीखालून जातो, त्याच्यावर अंतराअंतरानं हे दगडविटांचे खांब उभे केलेले आहेत. आतली कोंडलेली हवा बाहेर पडावी, पाण्याचा जोर नळ फोडू नये आणि आत उतरून सफाई करता यावी, म्हणून. लहानपणी अशा एका खांबावर आम्ही खडूनं धावा लिहायचो, कारण त्याच्याच पायथ्याशी आमचा यष्टीचा दगड असायचा. आम्हाला वाटायचं जुन्या देवळाचं काहीतरी असेल. मोठ्या माणसांना विचारलं तर तेही हेच सांगायचे. मुलगा म्हणाला, "काकू, हात लावून बघा." मी हात लावला. उन्हात उभा असूनही दगड गार होता. पाण्यामुळे का सावलीमुळे ते मला सांगता येणार नाही, पण मी बराच वेळ हात काढला नाही.

खरं तर इथे त्यानं एक गोष्ट फार छान सांगितली आणि ती मी दिवसभर मनात घोळवत होते. कात्रजहून दोन पाणी निघायची. एक झाकलेलं, नळातलं, ते वाड्यांना आणि पेठांना. दुसरं उघडं, ओढ्यातलं, ते ज्याच्या वाट्याला येईल त्याला. दोन्ही एकाच डोंगराचं पाणी, जवळजवळ शेजारून वाहणारं. झाकलेल्या पाण्याचा इतिहास लोकांनी लिहून ठेवला. उघड्या पाण्याच्या काठी कोण कोण राहिलं, ते फारसं कुठे लिहिलेलं नाही.

एवढं उमजलेल्या मुलानं पुढे वस्त्यांपाशी घाई का केली, हे मला कळत नाही. माझी खरी नाराजी इथे आहे.

कात्रजला आम्ही पन्नास मिनिटं थांबलो. अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीपाशी सात मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री इथे काय झालं ते पुण्यात कोणाला सांगायला नको. कात्रजचे तलाव भरून वाहिले, डोंगरावरचा पाऊस थेट ओढ्यात आला आणि काही तासांत ओढा घराघरात शिरला. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. त्या पावसात शहर आणि जिल्हा मिळून वीसहून जास्त जीव गेले. मुलानं तारीख सांगितली, आकडा सांगितला, नव्यानं बांधलेली सीमाभिंत दाखवली आणि "चला" म्हणाला.

माझी थोरली जाऊ अरण्येश्वरलाच तळमजल्यावर राहायची. त्या रात्री साडेदहाला तिचा फोन आला, की मोरीतून पाणी उलटं येतंय, पोतं टाकून बसलोय. अकराला फोन लागेना. पहाटे आम्ही पोचलो तेव्हा ती शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली होती, हातात फक्त देवघरातला बाळकृष्ण. घरात कमरेएवढ्या उंचीवर भिंतीला चिखलाची सरळ रेघ, पट्टीनं मारल्यासारखी. लोखंडी कपाट आडवं. पिठाचा डबा मात्र झाकण घट्ट असल्यामुळे तरंगत जाऊन माळ्याखालच्या कोनाड्यात बसला होता, आणि उघडला तर पीठ कोरडं. त्या दिवशी तिथल्या अकरा माणसांनी त्याच पिठाच्या पोळ्या खाल्ल्या. ती रेघ तिनं पुढे दोनदा रंग लावूनही पुसली गेली नाही, दर पावसाळ्यात ओल धरून वर यायची. शेवटी ती जागा विकून जाऊबाई मुलीकडे गेल्या.

हे सगळं मी तिथे उभी राहून सांगू शकले असते. सांगायला कोणी विचारलं नाही. मात्र कॉलनीतले एक काका दारात उभे होते, त्यांनी आम्हाला बघून स्वतःहून बोलायला सुरुवात केली, आणि फेरीतला दुसरा सगळ्यात चांगला भाग तो झाला. त्यांच्या आजोबांचा टांगा होता. स्वारगेटवरून सवाऱ्या घ्यायचे. संध्याकाळी घोडा सोडला की ओढ्यावर न्यायचा, पाणी पाजायचं, पाय धुवायचे. "घोडा घाण पाण्याला तोंड लावत नाही हो," काका म्हणाले. "आमचा घोडा हितं पाणी प्यायचा. यावरून काय ते समजा." मग रिक्षा आल्या, घोडे गेले, नाव तेवढं राहिलं. काकांना अजून बोलायचं होतं. पुराचं ते आपणहून काढत नव्हते, घोड्याचंच बोलत होते, आणि मला वाटतं, त्यांना थोडा वेळ मिळाला असता तर तेही बोलले असते. पण आमचे पुढचे लोक तोवर पुलावर पोचले होते.

शिवाय आमच्यातल्या दोघांनी दारात भांडी घासणाऱ्या बाईचे फोटो काढले. तिनं पदर ओढून तोंड फिरवलं. मी त्या दोघांना थांबवलं. हे काम माझं नव्हतं, फेरी काढणाऱ्यांचं होतं. देवळात शिरताना चपला काढा, असं त्यांनी चार वेळा बजावलं. मग माणसाच्या दारात कसं वागायचं तेही एकदा सांगायला हवं.

तिथून आम्ही पर्वतीच्या बाजूला आलो. मित्रमंडळ चौकाच्या अलीकडे उभं राहिलं की डोंगर समोर दिसतो. पर्वतीवरचं देवदेवेश्वराचं मंदिरही १७४९ चंच. सारसबागेच्या जागी तेव्हा मोठा तलाव होता, आंबिल ओढ्याचं पाणी अडवून केलेला. त्याच्या मधल्या बेटावर सवाई माधवरावांनी १७८४ मध्ये गणपतीची स्थापना केली, म्हणून तो तळ्यातला गणपती. तलावाचं काम रेंगाळलं तेव्हा नानासाहेब हत्तीवरून उतरून स्वतः दगड उचलायला लागले, अशी कथा सांगतात. ती मुलानंही सांगितली, कथा आहे असं म्हणून सांगितली, हे बरं केलं. आमच्या लहानपणी मुलांना वाघ बघायचा असला की आई-बाप पेशवे पार्कात न्यायचे आणि फुलराणीत बसवायचे. पुढे तिथले प्राणी कात्रजला हलवले. म्हणजे ओढ्याच्या जुन्या तळ्याकाठचे वाघ-सिंह ओढ्याच्या उगमाशी राहायला गेले. हे मी बोलून दाखवलं तर सगळ्यात लहान मुलगी खूश झाली. आठ-नऊ वर्षांची असेल, सबंध फेरी न कुरकुरता चालली.

मग त्यानं ओढ्याच्या वळणाबद्दल सांगितलं. आंबिल ओढा पूर्वी शहराच्या आतून वाहायचा. पेशवाईत पेठा वाढायला लागल्या, ओढ्याचं पाणी वस्तीत यायला लागलं, तेव्हा त्याला पर्वतीच्या खालून पश्चिमेकडे वळवून शहराच्या वरच्या अंगाला मुठेत सोडलं. म्हणजे ज्या नाल्याशेजारी मी बावीस वर्षं काढली, तो ओढ्याचा मूळ रस्ताच नव्हे. पेठा कोरड्या राहाव्यात म्हणून पाणी जिकडे काढून दिलं, तिकडे पुढे दांडेकर पूल आणि दत्तवाडीच्या वस्त्या उभ्या राहिल्या.

सगळ्यांना एक घडीचा नकाशा देतात. हातानं काढलेला, सुबक, मोठ्या अक्षरातला, चष्मा न लावता मला वाचता आला. त्यात ओढ्याचा जुना मार्ग तुटक रेघेनं दाखवला आहे. मी विचारलं, ही रेघ नक्की कशावरून? तो म्हणाला, "अंदाजानं काढली आहे काकू, उतार बघून." अंदाज करायला माझी हरकत नाही. पण नकाशावर तसं छापा, कारण लोक तो नकाशा जपून ठेवणार आणि पोरांना दाखवणार. पुढच्या छपाईत दुरुस्त करतो म्हणाला.

दांडेकर पुलाशी आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ऊन चढलेलं, लोक थकलेले. माझ्या जुन्या खोल्या जिथे होत्या तिथे आता काही नाही. जून २०२१ मध्ये इथली घरं पाडायला सुरुवात झाली, लोक रस्त्यावर बसले, न्यायालयानं त्याच दिवशी स्थगिती दिली. तेव्हा मी इथे राहत नव्हते, पण ज्यांच्या हळदीकुंकवाला मी बावीस वर्षं गेले त्या बायका टीव्हीवर दिसत होत्या. मुलानं हा विषय दोन वाक्यांत उरकला. वादाचा विषय आहे, म्हणाला.

मला त्याला जे सांगायचं होतं ते मी तिथे सांगितलं, आणि इथेही लिहिते. तू सकाळपासून तीन गोष्टी सांगितल्यास. पेशव्यांनी ओढा वळवला, ती कात्रजला आणि पर्वतीशी. पानशेत फुटलं, ती सहकारनगरच्या पुलावर. २०१९ चा पूर, ती अरण्येश्वरला. तिन्ही बरोबर सांगितल्यास, तारखांसकट. पण तीन वेगवेगळ्या थांब्यांवर, जशा तीन वेगवेगळ्या गावांच्या गोष्टी. माझ्या घरात ती एकच गोष्ट आहे. माझे आई-वडील नदीच्या पुरातून निघाले आणि त्यांना जागा मिळाली ती ओढ्याकाठी. आई मरेपर्यंत म्हणायची, इथे नदी नाही, इथे आपण सुटलो. पावसाळ्यात ओढा वाढला की ती खिडकीशी उभी राहायची, पण "ओढाच आहे तो, उतरेल तासाभरात" असं आम्हालाच समजवायची. पुरानं उठवलेली माणसं पुन्हा पाण्याशेजारीच बसवली गेली, कारण तीच जमीन मोकळी होती. आणि ती मोकळी का होती, तर पावसाळ्यात ओढ्याला पसरायला तीच लागायची. त्याच जमिनीवर पुढे आणखी माणसं आली. कोणी टांगा घेऊन आलं, कोणी मराठवाड्यातल्या दुष्काळातून आलं, कोणी माझ्यासारखं लग्न होऊन.

तो मुलगा गप्प ऐकत होता. मग त्यानं खिशातून वही काढली आणि मला पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. बाकीचे झाडाच्या सावलीत बसले. पंधरा मिनिटं गेली असतील. एका गृहस्थांनी घड्याळ दाखवलं, बाकी कोणी उठलं नाही.

शेवटचा टप्पा नवी पेठेकडून वैकुंठ स्मशानभूमीच्या बाजूला, जिथे ओढा मुठेला मिळतो. बघण्यासारखं तिथे फारसं नाही. काळं पाणी, जलपर्णी, बगळे. आमच्या यजमानांना नऊ वर्षांपूर्वी तिथेच आणलं होतं. त्या दिवशी मी बराच वेळ बाहेर बसले होते, आणि तेव्हाही हा ओढा जवळच होता, मी पाहिला नव्हता. ह्या वेळी पाहिला. मुलांनी तिथे भाषण केलं नाही, सगळ्यांना पाच मिनिटं नुसतं उभं राहू दिलं. त्यांचं हे मला फार आवडलं.

आता विचारणाऱ्यांसाठी. चालणं एकूण सात-आठ किलोमीटरचं होतं, बस सोडून. चढ नाही, पण ओबडधोबड आहे. काठी घेतली तर बरं, चपला नकोत, बूटच हवेत. माझा डावा गुडघा दुखतो, तरी जमलं, दुसऱ्या दिवशी मात्र घरातच होते. आवाजासाठी कमरेला लावायचा छोटा स्पीकर आहे, साताऱ्याच्या रस्त्यावर तो पुरत नाही, पुढे उभं राहावं. पाणी दोन बाटल्या. लहान मुलांना जरूर न्या, बाटलीचा प्रयोग त्यांच्यासाठीच आहे. पावसाळ्यात फेरी बंद असते आणि ती तशीच असावी. पाचपैकी मी साडेतीन देईन. स्वच्छतागृहाची सोय केली आणि वस्त्यांना वेळ दिला तर पाच द्यायला माझी काही हरकत नाही.

गेल्या आठवड्यात त्या मुलाचा फोन आला होता. फेब्रुवारीतल्या फेरीत अरण्येश्वरला अर्धा तास ठेवलाय, ते टांग्याचे काका बोलायला तयार आहेत, काकू तुम्ही याल का, म्हणून. मी हो म्हणाले. मग जाऊबाईंना फोन केला. घर विकल्यापासून त्या अरण्येश्वरच्या पुलावरून गेलेल्या नाहीत, रिक्षासुद्धा लांबून घ्यायला लावतात. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "सकाळी किती वाजता यायचं?"